खोलीचं दार कुठं उघडतं

समुपदेशनाची खोली आधी कोचसरांच्या केबिनला लागून होती. दार मैदानाकडे उघडायचं. आत कोण गेलं हे वॉर्मअप करणाऱ्या सगळ्यांना दिसायचं, त्यामुळे कुणी फिरकायचंच नाही. मग खोली फिजिओच्या मागे हलवली. तिथं रोज कुणी ना कुणी गुडघा धरून बसलेलंच असतं. गुडघ्यासाठी आलाय की मनासाठी, बाहेरून कळत नाही. आता वेळ मागणाऱ्यांची वही भरते. कुठल्याही अकादमीत मानसिक सेवेची घडी बसवायला बोलावलं, की मी आधी दार बघते.

*

मानसिक सेवेत दोन कामं आहेत, ती एकाच्याच गळ्यात मारू नयेत. शेवटच्या शॉटला हात आखडतो, फायनलच्या आदल्या रात्री झोप येत नाही, हे कौशल्याचं काम. श्वास, ठरलेलं रूटीन, डोळे मिटून सामना खेळून बघणं. पण वजन उतरवायचं निमित्त करून पोरगी घास टाळतेय, किंवा मुलगा ‘जगून काय करू’ म्हणतोय, तिथं क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञच हवा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. ‘माइंड कोच’ची पाटी मात्र कुणीही लावतं. म्हणून नेमणुकीच्या वेळी मी एकच विचारते: तुमच्या आवाक्याबाहेरचं पोर कुणाकडे पाठवता? ज्याच्याकडे नाव तयार नाही, त्याला घेत नाही.

*

नेमबाज अभिनव बिंद्राने २००८ मध्ये बीजिंग ऑलिम्पिकला सुवर्ण जिंकलं. त्यानंतरचा काळ आपल्याला फार जड गेला, हे तो जाहीरपणे सांगत आला आहे. आम्ही हरलेल्यांना पहिल्याच आठवड्यात भेटायचो. आता जिंकलेल्यांनाही भेटतो. हारतुरे सुकेपर्यंत थांबत नाही.

*

आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीची तपासणी-पद्धत १६ वर्षं आणि त्यावरच्या अव्वल खेळाडूंसाठी आहे. आधी दहा प्रश्न. १७ किंवा जास्त गुण आले, तर नैराश्य, चिंता, झोप, दारू, खाणंपिणं यांच्या पुढच्या प्रश्नावल्या, आणि मग गरजेप्रमाणे तज्ज्ञाची तपासणी. उपयोगी आहे. पण लाल शेरा आल्यावर त्याच आठवड्यात भेटणारा डॉक्टर ठरलेला नसेल, तर कागद वाटूच नयेत. पोराने खरं लिहिलं आणि पुढं काहीच झालं नाही, तर ते पुन्हा कधी खरं लिहीत नाही.

*

“मॅडम, बाकी काही सांगू नका. शनिवारी खेळवू की नको, एवढंच सांगा.”

कोचसर प्रेमानेच विचारत होते. आमची समुपदेशक चोवीस-पंचवीस वर्षांची, आणि तिचा वार्षिक अहवाल तेच लिहिणार होते. ती गप्प राहिली, पण संध्याकाळी माझ्याकडे येऊन रडली. दोष दोघांचाही नव्हता, दोष होता आमच्या रचनेत. आता तिचा अहवाल बाहेरच्या ज्येष्ठ तज्ज्ञाकडून येतो. खेळाडूच्या परवानगीने कोचला फक्त ‘उपलब्ध’ किंवा ‘विश्रांती’ कळतं. नोंदींच्या कपाटाची किल्ली तिच्याकडे. माझ्याकडेसुद्धा नाही.

तिला संघाबरोबर दौऱ्यावरही जावं लागतं. तेच हॉटेल, तेच जेवणाचं टेबल, रात्री एकला दारावर टकटक. सगळ्यांचं ऐकणाऱ्या पोरीचं कोण ऐकणार? दर पंधरवड्याला तासभर त्या ज्येष्ठांशी तिचं बोलणं होतं. हा तास खर्चाच्या तक्त्यातून सगळ्यात आधी कापला जातो. तो कापू देऊ नका.

*

गुप्ततेलाही हद्द असते, आणि ती पहिल्या भेटीतच सांगायची. जिवाला धोका असेल तर गप्प बसता येत नाही. अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे, मग समोर कितीही मोठे सर असोत.

*

महाराष्ट्रात खेळाडूंच्या मनाकडे बघायला नाशिकच्या भीष्मराज बामांनी शिकवलं. पोलीस सेवेतला माणूस, योगाची बैठक. २०१७ मध्ये ते गेले. एका माणसाच्या तळमळीने उभं राहिलेलं हे काम आता संस्थांच्या अंगवळणी पडायला हवं.

*

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६. चोवीस तास, फुकट, मराठीतही. नोटीस बोर्डावर लावला होता, पण तिथं उभं राहून तो लिहून घेताना कुणी दिसलं नाही. आता होस्टेलमधल्या प्रत्येक संडासाच्या दाराला आतून चिकटवलाय.