मेतकुटाचा पत्ता

बँकेत काउंटरवर बसणाऱ्या माणसाला एकच विद्या पूर्ण अवगत असते : समोरच्याला दुसऱ्या काउंटरवर पाठवणे. वीस वर्षांत मी किती माणसे चार नंबरवर पाठवली आणि चार नंबरवाल्याने त्यांतली किती मला परत केली, याचा हिशेब कोणत्याही ऑडिटरने मागितलेला नाही. ही विद्या घरी उपयोगी पडेल असे मात्र वाटले नव्हते.

त्याचे असे झाले, की आमच्या सौ.ने घरगुती मसाल्यांची वेबसाइट काढली. भाच्याने ती उभी करून दिली. भाजणी, गोडा मसाला, चटण्या मिळून सत्तावीस पाने. त्यांत तिच्या जिवाभावाचे पान एकच, मेतकुटाचे. ते तिच्या आईचे. हरभऱ्याची डाळ किती भाजायची, उडदाची कधी उतरवायची, हिंग केव्हा, सुंठ किती, सगळे तिने आई गेल्यावर चार रात्री जागून लिहिले. सहा महिन्यांत भाजणीला गिऱ्हाइके आली, मेतकुटाला एक नाही. "आईचं मेतकूट आता कुणाला नकोसं झालंय," असे ती भांडी लावता लावता म्हणाली. मोठ्याने म्हणाली असती तर मी वर्तमानपत्र खाली ठेवले नसते. हळू म्हणाली, म्हणून ठेवले.

भाच्याला फोन केला. "मामा, त्या पानाला आतून एकही लिंक नाहीये. ऑर्फन पेज आहे ते. अनाथ." मामीसमोर बोलला नाही हे नशीब.

मग त्याने शिकवणी घेतली. गूगल एका पानावरून दुसऱ्या पानावर जातो तो बहुतेक लिंकांच्या धाग्याने. धागाच नसला, तर पान असून नसल्यासारखे. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी 1998 साली मांडले, की पानाची पत ठरते ती त्याच्याकडे किती पाने बोट दाखवतात आणि दाखवणारे किती वजनदार आहेत यावर. आता गूगल आणखीही पुष्कळ गोष्टी पाहतो म्हणे, पण लिंका पाहतोच. मला हे ताबडतोब पटले. आमच्या शाखेत मॅनेजरपेक्षा शिपाई मोठा आहे, कारण मॅनेजरसकट सगळे म्हणतात, "त्याला विचारा." या पद्धतीचे नाव पेजरँक. त्यातले 'पेज' त्या गृहस्थांच्या आडनावावरून आले. आमच्याकडे पेज आजाऱ्याला देतात, आणि ती मेतकुटाबरोबर. म्हटले, शकुन चांगला आहे.

रविवारी मी सत्तावीस पानांच्या तळाशी 'येथे क्लिक करा' असे लिहून टाकले. भाचा म्हणाला, "मामा, येथे म्हणजे कुठे? लिंकच्या शब्दांतच कळलं पाहिजे, पलीकडे काय आहे ते. माणसालाही आणि गूगललाही." झाले! मला चेव आला. 'भात' दिसला की लिंक, 'तूप' दिसले की लिंक, नऊ ठिकाणी 'आई' होती, तिथेही लिंक.

सौ.ने संध्याकाळी पाहिले. "माझ्या आईखाली हे निळं काय ओढलंय हो?"

सगळे पुसले. भाच्याच्या सल्ल्याने चारच ठेवले : मुखपृष्ठावर एक, भाजणीच्या, गोड्या मसाल्याच्या आणि मऊ भाताच्या पानावर एकेक, 'घरी मेतकूट कसे करावे' अशा स्वच्छ शब्दांत. पाचवी लिंक तिने स्वतः दिली. भाजणीच्या पानावर तिचे एक वाक्य होते, 'हे सगळं मला आईनं शिकवलं.' त्यातल्या 'आईनं'वर. भाच्याच्या शास्त्रात ही बसत नाही. मी त्याला सांगितले, की ती राहील.

या कामाला व्याजासारखाच वेळ लागतो. तीन आठवड्यांनी अर्धा किलोची मागणी आली. गूगलवर मेतकूट शोधता शोधता बाई आल्या होत्या. पत्ता पाहिला, तर आमचीच गल्ली, पलीकडून तिसरे घर!

सौ.ने रात्रीच डाळी भाजायला घेतल्या. सकाळी पुडा घेऊन स्वतःच निघाली. दारात थांबून म्हणाली, "डिलिव्हरीचे चाळीस रुपये घ्यायचे का हो?"