तिसऱ्या वर्गाचे तिकीट

'तिसरा वर्ग' म्हटले की आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढे दोनच गोष्टी येतात : रेल्वेचे लाकडी बाक आणि परीक्षेच्या निकालात अगदी तळाशी छापलेली नावे. रेल्वेने तो वर्ग १९७४ साली बंद केला. मनातून मात्र तो हललेला नाही. म्हणूनच, अमेरिकेतला आमचा नातू बेसबॉलसाठी 'थर्ड डिव्हिजन'च्या कॉलेजचा विचार करतो आहे, असे मुलीने गेल्या वर्षी कळवले तेव्हा आमच्या सौ.नी काळजीने विचारले, "का गं, मार्क कमी पडले की काय?"

मार्क चांगले होते. घोळ होता तो शब्दाचा. तिथल्या कॉलेजांचे खेळ पाहणाऱ्या संस्थेने, म्हणजे एन.सी.ए.ए.ने, १९७३ साली कॉलेजांचे तीन विभाग पाडले. ही वर्गवारी खेळाची, अकलेची नव्हे. स्टॅनफर्ड पहिल्या विभागात आहे आणि एम.आय.टी. तिसऱ्यात! पहिल्यात खेळासाठी शिष्यवृत्ती मिळू शकते. तिसऱ्यात खेळाच्या नावाने एक डॉलरही मिळत नाही. तिथे मदत मिळते ती मार्क पाहून किंवा घरची परिस्थिती पाहून.

आमचा नातू डावखुरा पिचर, म्हणजे आपल्या भाषेत गोलंदाज. पहिल्या विभागातल्या एका दूरच्या विद्यापीठाने त्याला बोलावले. शिष्यवृत्ती अर्धीमुर्धी होती. बेसबॉलमध्ये पूर्वापार तसेच चालत आले आहे. २०२५ पर्यंत अख्ख्या संघाला मिळून ११.७ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती आणि त्यांचेच तुकडे करून मुलांत वाटत. आता नवी व्यवस्था पत्करलेल्या विद्यापीठांत ती मर्यादा गेली, पण संघात ३४ च मुले, असे बंधन आले. तिथले प्रशिक्षक मोकळेपणाने म्हणाले, "इंजिनिअरिंगची प्रॅक्टिकल्स दुपारी, आमचा सरावही दुपारी. दुसरा विषय घेतलास तर सोयीचे पडेल." दुसरे कॉलेज तिसऱ्या विभागातले, घरापासून दोन तासांवर. इंजिनिअरिंग उत्तम, आणि पहिल्याच वर्षी चेंडू हातात मिळण्याची बरीच खात्री.

जावईबापूंनी कागद-पेन्सिल घेतली. पहिल्या विभागात मोसमाचे ५६ सामने, तिसऱ्यात ४०. मोसमात खेळाला आठवड्याचे २० तास हा पहिल्या विभागाचा नियम. पण प्रवासाचे तास त्यात धरत नाहीत. व्यावसायिक संघ ३० आणि वार्षिक निवडीच्या फेऱ्या २०, म्हणजे साऱ्या देशातून जेमतेम सहाशे मुले. त्यांतलीही थोडीच वरच्या मैदानापर्यंत पोहोचतात. शिवाय पिचरचे कोपर! टॉमी जॉन या खेळाडूच्या कोपरावर १९७४ साली जी शस्त्रक्रिया झाली, ती आज त्याच्याच नावाने घरोघरी ठाऊक आहे, यावरून काय ते समजावे.

आम्ही तेव्हा तिकडेच होतो. मी आपले आजोबांचे कर्तव्य म्हणून प्रसन्नाची गोष्ट सांगितली. १९६२ साली वेस्ट इंडीजचा दौरा करून आलेला हा फिरकी गोलंदाज इंजिनिअरिंगच्या अभ्यासाला लागला आणि पुढचा कसोटी सामना खेळला तो थेट १९६७ साली.

नातवाने शांतपणे ऐकून घेतले आणि आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, "आजोबा, ते परत आले म्हणून तुम्हाला त्यांची गोष्ट माहीत आहे. जे परत नाही आले, त्यांची कोण सांगणार?"

यावर मी काय बोलणार! मुलांची हौस ती पोरकटपणाची आणि आपला सल्ला तो शहाणपणाचा, असे आपण वडीलधारी धरून चालतो. पण हा मुलगा नऊ वर्षे बर्फाच्या दिवसांतसुद्धा गॅरेजमध्ये भिंतीवर चेंडू मारत आला होता. त्याला नुसती हौस कसे म्हणावे?

शेवटी उपयोगी पडला तो तिकडे पालक-प्रशिक्षक नेहमी विचारतात तो प्रश्न : "पहिल्याच दिवशी हात मोडला आणि खेळ कायमचा संपला, तरी तुला याच कॉलेजात राहावेसे वाटेल का?" नातू दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी त्याने दूरच्या विद्यापीठाला नकाराचे पत्र लिहिले. स्वतः लिहिले, आणि मग बराच वेळ अंगणात एकटा बसला.

घरात त्या दिवशी गोड करायचा बेत होता. मुलीने तो रद्द केला आणि मला तिचे फार कौतुक वाटले. सतराव्या वर्षी मुलगा आपल्या हाताने एक दार लावून घेतो, तेव्हा 'अभ्यास जिंकला' म्हणून आपण टाळ्या पिटू नयेत. अभ्यास जिंकलेला नाही आणि खेळ हरलेला नाही. दोन्ही सांभाळता येतील अशी जागा त्याने शोधली आणि तिची किंमत स्वतः मोजली, एवढेच.

आता नातू कॉलेजात रुळला आहे. वसंत ऋतूत सामने सुरू होतील. तिकडे दुपारचा एक वाजला की आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. सौ.नी डोळ्यांना ताण नको म्हणून नवा चष्मा आतापासूनच करून ठेवला आहे.