चावडीची एरियल

१९७१ च्या डिसेंबरात ३ तारखेला लढाई पेटली, आणि त्याच आठवड्यात आमच्या चावडीतला ग्रामपंचायतीचा रेडिओ खरखरायला लागला. खटाव तालुक्यातलं आमचं गाव जिरायती. एक पोरगा शेतात अन् एक पलटणीत, अशीच बहुतेक घरांची वाटणी. माझे मधले चुलते मराठा लाइट इन्फंट्रीत, पूर्वेच्या आघाडीवर होते.

गावात वीज नव्हती, सेट बॅटरीवर चालायचा. बातम्यांच्या वक्ताला चावडी भरून जायची. "भारतीय फौजांनी..." एवढं ऐकू यायचं, की पुढं खर्रर्र. दाराशी बायकांत बसलेली काकू विचारायची, "फौजांनी काय रं?" मी अकरा वर्षांचा. काय सांगणार?

सरपंच म्हणाले, बॅटरी उतरली. नवी आणली, तर खरखरच मोठी झाली. मग जो तो सेटच्या डोक्यावर थापट्या मारू लागला. शेवटी नानांना बोलावलं. नाना सिग्नलमधनं हवालदार म्हणून पेन्शनीत आलेले. ऐन लढाईत मळ्यात पाणी पाजत बसलेला तो माणूस, कुणाला आधी सुचलंच नव्हतं.

नानांनी सेट उघडलाच नाही. मागची एरियलची तार तेवढी उपसली. खरखर बंद, बातम्याही बंद. मग हातभर साधी वायर त्या भोकात खोचून खिडकीबाहेर सोडली. सांगली केंद्र लागलं. आवाज बारीक, पण स्वच्छ. "सेट शाणा हाय," नाना म्हणाले, "दुखणं वरच्या तारंत हाय."

ती तार चावडीवरच्या बांबूपासून समोरच्या लिंबापर्यंत ताणलेली. नाना बाहेर जाऊन नुसते उभे राहिले, मला म्हणाले, "तू आत कान दे. खरखर आली की वरड." वारं सुटलं, लिंब हलला की मी ओरडायचो, वारं पडलं की आतही गप. पाच-सात वेळा असं झाल्यावर त्यांनी तार खाली उतरवली. आडवी तार अन् खाली येणारी तार जिथं जोडली होती, तिथं नुसता पीळ मारलेला, आणि त्यात हिरवा गंज. लिंबाकडचं चिनीमातीचं अंडं फुटून तार ओल्या फांदीला घासत होती. पत्र्याच्या कडेवर वायरीचं रबरही सोललेलं.

कल्हईवाला त्या दिवशी गावातच होता, हे नशीब. चिंचेनं तार घासून नवसागर अन् कथलानं जोड पक्का केला. नानांनी तो गरम पाण्यानं दोनदा धुतला. नवसागर राहिला, तर तोच पुढं तांबं खातो. वर मेण लावून फडकं गुंडाळलं. फुटक्या अंड्याच्या जागी सोड्याच्या बाटलीची मान, पत्र्याच्या कडेवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा.

एवढं करूनही आवाज मनासारखा उठेना. नाना भिंतीकडंला गेले. अर्थिंगची तार गाडलेली जागा भेगाळली होती. त्या साली पाऊस कमीच. "एरियल निम्मी वर असती, निम्मी जमिनीत," नाना म्हणाले. मी विचारलं, मग विमानात जमीन कुठनं आणत्यात? "विमानाचा पत्राच जमीन. आमच्या ट्रकचं तसंच." खड्डा करून कोळसा अन् मीठ घातलं, वर दोन घागरी पाणी. आणि सांगली असं लागलं, की वाचणाऱ्याचा श्वास ऐकू यावा.

त्या दिवसापासून तिथं पाणी घालायचं काम काकूनं घेतलं. रोज तिन्हीसांजेला तांब्याभर. १६ तारखेला ढाक्याची शरणागती चावडीत एक शब्द न गळता ऐकली. लोक नाचले, गुलाल उधळला. काकू जागची उठली नाही. तिनं विचारलं, "नाना, ह्यांचं नाव घेतलं का?"

"बातम्यांत नावं नसत्यात, सूनबाई."

काकांचं पत्र संक्रांतीनंतर आलं. डाव्या हातानं लिहिलेलं, चार ओळींचं. काकूचं पाणी त्यानंतरही चालूच राहिलं, पुढच्या उन्हाळ्यात विहिरी आटेपर्यंत.