चिठ्ठीवरचं नाव

वडिलांच्या नोकरीमुळे आम्ही गोव्याहून भोपाळला, पिपलानीत राहायला गेलो. तिथे सोळाव्या वर्षी माझं जेवण सुटलं, पुस्तक उघडवेना. डॉक्टरांनी दहा मिनिटांत 'डिप्रेशन' लिहून दिलं. खोटं नव्हतं ते. पण आदल्या पावसाळ्यात मी रात्र रात्र जागून चित्रं काढायचे आणि तरी थकायचे नाही, हे कुणी विचारलंच नाही. मला शंका यायची, आई म्हणायची, "डॉक्टरापेक्षा तुला जास्त कळतं?"

भोपाळात असे प्रश्न जुनेच. १९८४ च्या डिसेंबरात वायू सुटला तेव्हा मध्य प्रदेशातल्या पाचही वैद्यकीय महाविद्यालयांत मनोविकारतज्ज्ञ नव्हता. १९८५ मध्ये दहा दवाखान्यांतले ८५५ रुग्ण तपासले, तर १९३ जणांना मानसिक आजार निघाला. धाप लागते म्हणणाऱ्या बाईचं दुखणं छातीचं की मनाचं? बहुतेक वेळा दोन्हींचं असणार, असं आपलं मला वाटतं.

पुढे कळलं, बायपोलर आजार कोवळ्या वयात पुष्कळदा उदासीनेच सुरू होतो. चढाची बाजू दिसायला वर्षं जातात. आणि नुसत्या उदासीच्या गोळ्यांनी काहींचा चढ वाढतोही. म्हणून मागचं सगळं विचारावं लागतं, घरच्यांनाही. (गोळ्या मात्र मी मनानेच बंद केल्या नाहीत, हे वाचणाऱ्या मुलांसाठी सांगते.)

गोव्यात परतल्यावर बांबोळीला डॉक्टरांनी तासभर विचारपूस केली. त्या चित्रांबद्दलही. नवं नाव लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं. ते खोडायला त्यांनी दोन वर्षं घेतली.