एरंडेलाच्या वासाचं विमान

आई-बाबा लंडनला आले की त्यांना काय दाखवायचं, याची एक यादी ऑनसाइट आलेल्या प्रत्येक मराठी मुलामुलीकडे तयार असते. लंडन आय, बिग बेन, ग्रीनिच, मादाम तुसाँ आणि घरची फारच आठवण यायला लागली की वेम्बलीतला डोसा. २०१९ च्या जूनमध्ये मीही ती यादी इमानेइतबारे राबवली. आई खूश! बाबा मात्र ढिम्म.

बाबा ओझरचे. म्हणजे नाशिकजवळच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात फिटर. १९७८ ला लागले, २०१४ ला रिटायर झाले. मधली ३६ वर्षं मिग विमानांच्या पोटात डोकं घालून काढली. अशा माणसाला मेणाचे पुतळे दाखवून काय होणार? फोटोला उभं राहायलासुद्धा त्यांनी नकार दिला. ‘खोट्याबरोबर कसला फोटो?’

मग ऑफिसमधल्या एकाने ओल्ड वॉर्डनचं नाव सुचवलं. लंडनच्या उत्तरेला बेडफर्डशरमधलं चिमुकलं गाव. तिथे शटलवर्थ कलेक्शन नावाचं जुन्या विमानांचं संग्रहालय आहे आणि त्यातली विमानं नुसती उभी नसतात, उडतात! तिकिटं काढली. आईला शॉपिंगला मैत्रीण मिळाली होती, त्यामुळे आम्ही दोघंच निघालो. ट्रेनमध्ये मी मोबाइलवरून माहिती वाचून दाखवत होते. त्यात ‘रेप्लिका’ हा शब्द आला आणि बाबांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. ‘म्हणजे हेही मेणाचेच पुतळे.’

झालं! चांगल्या शनिवारची वाट लागली, असं मला वाटलं.

गवतावरचा विमानतळ

बिगल्सवेड स्टेशनवर उतरून टॅक्सी केली की थोड्याच वेळात शेतं, झाडी आणि मध्येच एक गवताची धावपट्टी दिसते. डांबर नाही, काँक्रीट नाही. नुसतं कापलेलं गवत. बाजूला हँगर्सची रांग. रिचर्ड शटलवर्थ या तरुण जमीनदाराने १९२८ पासून जुनी विमानं आणि गाड्या जमवायला सुरुवात केली. १९४० मध्ये हवाई दलात असताना तो अपघातात गेला. त्याच्या आईने १९४४ मध्ये ट्रस्ट करून मुलाचा छंद जिवंत ठेवला. इथलं १९०९ चं ब्लेरिओ हे आजही उडू शकणाऱ्या जगातल्या सर्वात जुन्या विमानांपैकी एक. ते अगदी अस्सल. ते बघून बाबा जरा खुलले.

पुढच्या हँगरमध्ये सॉपविथ कॅमल उभं होतं. पहिल्या महायुद्धातलं ब्रिटिशांचं गाजलेलं लढाऊ विमान. एकावर एक असे दोन पंख, मध्ये लाकडी खांब, तारांचं जाळं. पायलटच्या पुढ्यातल्या दोन मशीनगन्सवरच्या उंचवट्यामुळे नाव पडलं कॅमल. आपला हरदित सिंग मलिक हा शीख तरुण १९१७ मध्ये कॅमलच उडवायचा, पगडीवर बसेल असं खास हेल्मेट घालून. पण ओल्ड वॉर्डनचं कॅमल त्या काळातलं नाही. ते पहिल्यांदा उडालं मे २०१७ मध्ये!

‘दोन वर्षांचं विमान,’ बाबा म्हणाले. पण जवळ गेले. चष्मा कपाळावर चढवला आणि दोरीवरून वाकून बघायला लागले. तारांना ताण देणारे टर्नबकल, त्यांना घातलेली लॉकिंग वायर, कापडाखालून दिसणाऱ्या पंखाच्या फासळ्या. मला वाटतं, दहा मिनिटं तरी ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘कुणी केलंय हे?’

उत्तर भन्नाट आहे. यॉर्कशरमधल्या काही हौशी लोकांनी. नॉर्दर्न एरोप्लेन वर्कशॉप्स नावाने ही मंडळी १९७३ साली एकत्र आली. मूळ ड्रॉइंग घ्यायचं आणि जुन्या पद्धतीने, जुन्याच सामानातून विमान बांधायचं, हा त्यांचा हट्ट. पहिलं विमान होतं तीन पंखांचं सॉपविथ ट्रायप्लेन. ते १९९० मध्ये संग्रहालयाला मिळालं. म्हणजे १७ वर्षं! सॉपविथ कंपनीचे संस्थापक सर थॉमस सॉपविथ १०१ वर्षं जगले. त्यांनी या पोरांचं काम पाहिलं आणि ही नक्कल नाही, आमच्याच कारखान्याचं उशिरा बाहेर पडलेलं विमान आहे, असा निर्वाळा दिला. कॅमल हे या गटाचं तिसरं विमान. त्यालाही जवळपास दोन दशकं लागली.

आपण प्रोजेक्ट तीन महिने लांबला तर क्लायंटच्या नावाने बोटं मोडतो, बॉस!

गॅरेजमधला कारखाना

चहाच्या टेबलावर शेजारी सत्तरी ओलांडलेले एक इंग्रज आजोबा बसले होते. बाबांच्या बोटांकडे बघून त्यांनीच विचारलं, ‘इंजिनीअर?’ बाबा म्हणाले, ‘फिटर. मिग.’ एवढं पुरलं. पुढचा तासभर मी फक्त चहा आणत होते.

आजोबा घरी विमान बांधत होते. सॉपविथ पप, कॅमलचा थोरला भाऊ. मॉडेल नव्हे, पूर्ण आकाराचं. पंखांचा विस्तार आठ मीटर, लांबी सहा मीटरला थोडी कमी. घरामागच्या गॅरेजमध्ये अकरा वर्षं काम चालू. गाडी बाहेर पावसात.

अशा कामाची सुरुवात बहुतेक जण एका फासळीने करतात. प्लायवूडच्या फळीवर फासळीचा पूर्ण आकाराचा नकाशा चिकटवायचा, कडेने लाकडी ठोकळे ठोकायचे. हा झाला जिग. स्प्रूस लाकडाच्या बारीक पट्ट्या वाफेवर मऊ करून त्यात वाकवून बसवायच्या, सांध्यांवर प्लायचे तुकडे गोंदाने चिकटवायचे आणि सुकू द्यायचं. मग दुसरी. मग तिसरी. अशा डझनावारी. त्यातून लाकडी तुळया ओवल्या की पंखाचा सांगाडा तयार. त्यावर लिननचं कापड ताणायचं, मेण लावलेल्या दोऱ्याने फासळ्यांना टाके घालायचे आणि वरून डोप नावाचा लेप द्यायचा. डोप सुकताना कापड आकसतं आणि पंख ढोलकीसारखा वाजायला लागतो.

बरं, आपल्या मनाने काही करायचं नाही. तिथल्या लाइट एअरक्राफ्ट असोसिएशनचा इन्स्पेक्टर टप्प्याटप्प्याने येऊन बघतो. कापड चढवायच्या आधी तर हवाच, कारण एकदा कापड चढलं की आतलं पाप झाकलं जातं. बाबांनी जोरात मान हलवली. त्यांचं इंग्रजी कारखान्याचं... टॉलरन्स, क्लिअरन्स, रिजेक्ट. आजोबांना शब्द न् शब्द कळत होता. बाबांनी त्यांना कांदिवलीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादवांची गोष्ट सांगितली. गच्चीवर, हा शब्द मला दोनदा भाषांतर करून सांगावा लागला!

मग मी विचारू नये ते विचारलं. ‘पूर्ण कधी होणार?’

आजोबा हसले. अजून चार-पाच वर्षं, म्हणाले. पण तोवर डोळे आणि हृदय मेडिकलला साथ देतील याची खात्री नाही. मी नाही तर दुसरं कुणी उडवेल.

मला काय बोलावं सुचेना. बाबा मात्र शांतपणे मराठीतच म्हणाले, ‘त्यांना सांग, मीसुद्धा ३६ वर्षं दुसऱ्यांनी उडवायचीच विमानं केली.’

मी सांगितलं. दोघांनी हात मिळवले.

वारा पडला नाही

इंग्लंडच्या जूनमध्ये रात्री नऊलाही लख्ख उजेड असतो. संध्याकाळच्या शोची खरी मजा सूर्यास्ताच्या सुमारास, कारण अगदी जुनी, नाजूक विमानं वारा पडल्यावरच बाहेर काढतात.

आधी कॅमल आलं. त्याचं इंजिन रोटरी. म्हणजे पंख्याबरोबर नऊच्या नऊ सिलिंडर गरागरा फिरतात. आपल्या बाइकसारखा थ्रॉटल नाही. पायलट बटण दाबून ठिणगी तोडतो, सोडतो. त्यामुळे उतरताना इंजिन उचकी लागल्यासारखं बोलतं. वंगण म्हणून यात चक्क एरंडेल वापरतात, कारण ते पेट्रोलमध्ये विरघळत नाही. वापरलेलं तेल धुराबरोबर बाहेर फेकलं जातं. त्या काळचे पायलट ते नाकातोंडातून गिळायचे आणि पुढचं तुम्हाला माहीतच आहे!

कॅमल आमच्या समोरून गेलं आणि वास आला. ‘एरंडेल!’ बाबा लहान मुलासारखे ओरडले. निफाडला त्यांची आजी दर रविवारी नाक दाबून पाजायची. लंडनला आल्यापासून ते पहिल्यांदा एवढं मोकळं हसले.

शेवटी ब्रिस्टल बॉक्सकाइट बाहेर ढकलत आणलं. हीसुद्धा प्रतिकृतीच, ‘दोज मॅग्निफिसंट मेन इन देअर फ्लाइंग मशीन्स’ या १९६५ च्या सिनेमासाठी बांधलेली. दिसायला बांबूच्या मांडवाला पतंग बांधल्यासारखी. पण आपल्याला तिचं अप्रूप वेगळंच आहे. जानेवारी १९११ मध्ये असंच बॉक्सकाइट औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, लष्कराच्या सरावात उडालं होतं. पायलट आन्री ज्युलेरो, सोबत टेहळणीला कॅप्टन सेफ्टन ब्रँकर. हेच ब्रँकर पुढे १९३० मध्ये आर १०१ या महाकाय हवाई जहाजाच्या अपघातात गेले. ते जहाज निघालं होतं ओल्ड वॉर्डनपासून जवळच असलेल्या कार्डिंग्टनहून. मराठवाड्याच्या आकाशातला माणूस असा इथे भेटला!

सगळे वाऱ्याच्या मोज्याकडे बघत उभे. दहा मिनिटं, वीस मिनिटं. मोजा काही खाली पडेना. शेवटी त्यांनी बॉक्सकाइट तसंच मागे नेलं. मी हिरमुसले. बाबा म्हणाले, ‘बरोबर केलं. उडवायचंच म्हणून उडवायचं नसतं.’

गच्चीवरची फासळी

निघताना आजोबांनी गाडीतून एक फासळी आणून बाबांच्या हातात ठेवली. एक सांधा नीट न चिकटल्याने इन्स्पेक्टरने रिजेक्ट केलेली. मुंबई एअरपोर्टवर कस्टमवाल्याने विचारलं, हे काय? बाबा अभिमानाने म्हणाले, ‘विमान!’ त्याने बाबांकडे एकदा बघितलं आणि सोडून दिलं.

आता नाशिकच्या आमच्या गच्चीवर पत्र्याखाली एक टेबल आहे. त्यावर जिग. त्या फासळीवरून माप घेऊन बाबांनी आजवर चौदा फासळ्या केल्यात, मिळेल त्या लाकडाच्या. विमान होणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. तरी एखादा सांधा मनासारखा बसला नाही की ती फासळी ते बाजूला ठेवतात, ‘रिजेक्ट’ असं खडूने लिहून.

२६ सप्टेंबर २०२५ ला मिग-२१ ला हवाई दलाने निरोप दिला, तेव्हा बाबांनी टीव्हीवर सगळा सोहळा बघितला. आईला वाटलं, रडतील. ते उठले आणि गच्चीवर गेले. संध्याकाळी मला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. पंधरावी फासळी आणि तिच्याबरोबर बाबांचा सेल्फी.

फोटोला नकार देणारे हेच ते बाबा.

कसं जाल? लंडनच्या सेंट पँक्रसहून ट्रेनने बिगल्सवेड, तिथून टॅक्सी. हवाई शो उन्हाळ्याच्या मोसमात ठरावीक दिवशीच असतात, त्यामुळे तारीख बघून आगाऊ बुकिंग करा. संध्याकाळचा शो निवडा, जॅकेट न्या आणि वारा पडेल अशी प्रार्थना करा. नाही पडला तरी हँगर चुकवू नका. शेजारची स्विस गार्डन ही देखणी जुनी बाग विमानांचा कंटाळा असलेल्यांसाठी!