एसटीच्या खिडकीतला किल्ला

आमच्या अम्मींनी नळदुर्गचा किल्ला चव्वेचाळीस वर्षे पाहिला, पण एसटीच्या खिडकीतूनच. त्यांचे माहेर उमरग्याचे. लग्न होऊन त्या धाराशिवला आल्या तेव्हा गावाचे नाव उस्मानाबाद होते आणि अम्मींच्या तोंडी ते आजही तेच आहे. माहेरी जायचे म्हणजे आधी तुळजापूर, मग नळदुर्ग, मग उमरगा. नळदुर्गला गाडी थांबायची, कंडक्टर चहा पिऊन यायचा, शेंगदाणे विकणारा पोरगा खिडकीशी यायचा. दूरवर तटबंदी दिसायची. पण 'उतरून बघून येऊ' असे कधी कुणी म्हटले नाही. माहेरी कुणाचे लग्न असायचे, कुणाचे बाळंतपण, कुणाची मय्यत. अशा वेळी वाटेत उतरून किल्ला कोण बघतो?

आम्ही चौघे भावंडे. एकदा सगळे घरी जमलो असताना सहज अम्मींचे प्रवास मोजायला बसलो. हैदराबादला दोन लग्ने. गुलबर्ग्याला ख्वाजा बंदानवाजांच्या दर्ग्यात एकदा हाजिरी. सोलापूरला अब्बांच्या आजारपणात इतक्या खेपा की त्यांचा हिशेब नाही. उमरगा तर चालूच. पण निव्वळ बघण्यासाठी, मोकळ्या हवेत फिरण्यासाठी केलेला एकही प्रवास आम्हाला सापडला नाही. आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. आमच्यापैकी प्रत्येकजण शाळेच्या सहलीला गेला होता. अजिंठा-वेरूळ, पन्हाळा, महाबळेश्वर सगळे झाले होते. त्या सहलींचे डबे पहाटे उठून अम्मींनीच भरले होते.

हा विषय निघाला तो एका व्हिडिओमुळे. आमचा एक भाचा मोठ्या प्रवासी जहाजावर स्वयंपाकघरात नोकरीला आहे. त्याचे जहाज कॅरिबियन समुद्रातल्या बेटांवर फिरते. सुट्टी मिळाली की तो तिथली दृश्ये पाठवतो. निळे पाणी, पांढरी वाळू, दोरीला लटकून झाडांवरून जाणारी माणसे. त्यात एकदा जमैका बेटावरच्या डन्स रिव्हर धबधब्याचा व्हिडिओ आला. हा धबधबा एकदम कोसळत नाही. दगडांच्या पायऱ्या-पायऱ्यांवरून उतरत तो थेट समुद्राला मिळतो. लोक एकमेकांचे हात धरून साखळी करतात आणि वाहत्या पाण्यातून खालून वर चढत जातात.

अम्मींनी तो व्हिडिओ तीन वेळा लावायला सांगितला. मग म्हणाल्या, "यात माझ्या वयाच्या बायकाही आहेत की." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "आपल्या नळदुर्गलाही पाणी पडते म्हणतात ना?"

आम्ही गप्प झालो. दिवाळीनंतर अम्मींच्या गुडघ्याचे ऑपरेशन ठरले होते. डॉक्टरांनी धीर दिला होता, पण साखरेचा त्रास असलेल्या सदुसष्ट वर्षांच्या बाईला ऑपरेशनची धास्ती वाटणारच. ते पाणी त्यांना त्याआधी बघायचे होते. तसे त्या बोलल्या नाहीत, पण आम्हाला कळले.

आमच्यातले थोरले भाईजान मात्र तयार होईनात. "पावसात दगड शेवाळलेले असतात. अम्मींचा पाय घसरला तर? आणि मुलींना तर न्यायचेच नाही. तिथे मोबाइल घेऊन पोरांची झुंबड असते." त्यांची काळजी खोटी नव्हती. पण आपाची मुलगी दहावीत आहे, ती दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "मामू, मग मी नानीच्या वयाची झाल्यावर बघू का?"

कुणी तिला दटावले नाही. भाईजान उठून बाहेर गेले. संध्याकाळी परत आले ते शनिवारची जीप ठरवूनच. म्हणाले, "जायचे तर सगळे जाऊ. कुणाला मागे ठेवायचे नाही."

शनिवारी फजरनंतर निघालो. डब्यात ज्वारीच्या भाकरी, खिमा, शेंगदाण्याची चटणी आणि मुलांसाठी गुलगुले होते. या वेळी डबे सुनांनी भरले. अम्मींनी फक्त पानाची चंची घेतली. तुळजापूर मागे पडले. दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळे पडू लागले होते. नळदुर्ग आले तेव्हा अम्मी सवयीने म्हणाल्या, "आता पाऊण तासात उमरगा." मग स्वतःच हसल्या.

नळदुर्गचा किल्ला डोंगरावर नाही, हे अम्मींसाठी फार बरे झाले. तो भुईकोट आहे. बोरी नदीच्या वळणाचा फायदा घेऊन बांधलेला. आदिलशाहीत त्याचे दगडी कोट उभे राहिले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत नळदुर्ग हेच जिल्ह्याचे ठिकाण होते. १८५० च्या दशकात मेडोज टेलर नावाचा इंग्रज अधिकारी इथे राहून कारभार पाहत असे. ठगांवरच्या कादंबरीमुळे तो जगभर माहीत झाला. पुढे त्याने चाँदबीबीवरही कादंबरी लिहिली. अली आदिलशहाची ही बेगम घोड्यावर बसून नवऱ्याबरोबर शिकारीला जात असे, हे सांगितल्यावर आमच्या मुलींनी भाईजानांकडे असे काही पाहिले की त्यांनाही हसू आवरेना.

आत शिरल्यावर मुले आधी उपळ्या बुरुजाकडे पळाली. हा किल्ल्यातला सर्वांत उंच बुरुज. त्यावर लांबलचक तोफा आहेत. पायऱ्या उभ्या आहेत, म्हणून अम्मी खाली सावलीत बसल्या आणि वर पोचलेल्या प्रत्येकाला हात हलवून दाखवत राहिल्या. वरून सगळा किल्ला नकाशासारखा दिसतो. नदी, बांध आणि पलीकडच्या काठावरचे रणमंडळ. तटाला नऊ पाकळ्यांसारखे गोल भाग असलेला नवबुरुजही मुलांनी शोधून काढला. दहावीतली आमची भाची सर्वांत आधी वर गेली आणि सर्वांत शेवटी खाली आली.

मग आम्ही पाणीमहालाकडे वळलो.

ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. मुख्य किल्ला आणि रणमंडळ यांच्या मधून बोरी नदी वाहते. या दोन्हींना जोडणारा सुमारे १७० मीटर लांबीचा दगडी बांध नदीवर घातलेला आहे. उंची साधारण १९ मीटर. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, १६१३ च्या सुमारास तो पुरा झाला आणि तो बांधणाऱ्याचे नाव मीर इमादीन असे सांगतात. बांधाने पाणी अडले, किल्ल्याला पाणी मिळाले आणि संरक्षणही झाले. पण बांधणारा तेवढ्यावर थांबला नाही. त्याने बांधाच्या पोटातच एक महाल काढला. बांध भरला की जास्तीचे पाणी दोन वाटांनी बाहेर पडते. लोक त्यांना नर आणि मादी धबधबा म्हणतात. पाणी महालाच्या खिडक्यांसमोर कोसळते आणि आत बसलेला माणूस कोरडा राहतो. चारशे वर्षांनंतरही हे असेच चालू आहे.

मात्र हे पाणी दरवर्षी दिसत नाही. आपला जिल्हा दुष्काळी. नदीवर वरच्या अंगाला आता धरण आहे. ते भरून वाहू लागले तर खाली किल्ल्यात पाणी येते. कित्येक पावसाळे असे जातात की नर-मादी कोरडेच राहतात. म्हणूनच आमची घाई होती. पाणीही होते आणि अम्मींचा पाय अजून चालत होता. पुढच्या वर्षी दोन्ही एकदम जमेल याचा काय भरवसा?

महालात उतरण्यासाठी बांधावरून खाली जाणारा जिना आहे. अरुंद, अंधारा आणि ओला. अम्मी पहिल्या पायरीशी थांबल्या. खालून पाण्याचा आवाज येत होता, जणू जमिनीखाली रेल्वे चालली आहे. "तुम्ही बघून या. मी इथेच बसते," त्या म्हणाल्या. हे वाक्य आम्ही आयुष्यभर ऐकत आलो आहोत. तुम्ही जेवून घ्या, मी मागून बसते. तुम्ही जाऊन या, मी घर बघते.

भाईजान पुढे झाले. चप्पल काढून दोन पायऱ्या उतरले आणि उलटे वळून त्यांनी अम्मींचे दोन्ही हात धरले. मागून आपाने त्यांच्या खांद्याला आधार दिला. आपाच्या मागे सून, तिच्या मागे मुली. एकाच्या हातात दुसऱ्याचा हात. धाकटा मुलगा ओरडला, "जमैका! जमैका!" एक पायरी, मग थांबा. बिस्मिल्लाह म्हणून दुसरी पायरी. मध्येच अम्मींचा पाय शेवाळावर सरकला. काळजात धस्स झाले, पण भाईजानांच्या हातांनी त्यांना तोलून धरले. खाली पोचायला आम्हाला पंधरा मिनिटे तरी लागली असतील. मागची माणसे खोळंबली होती. पण कुणी घाई केली नाही. ज्या पोरांच्या झुंबडीची भाईजानांना धास्ती होती त्यातल्याच दोघांनी मोबाइलचे दिवे लावून पायऱ्यांवर धरले.

खिडकीत पोचल्यावर समोर फक्त पाणी होते. पांढरे, जाड, पडद्यासारखे. बोललेले ऐकू येत नव्हते. तुषार तोंडावर येत होते. अम्मींनी चष्मा काढून आमच्याकडे दिला आणि खिडकीच्या दगडाला धरून उभ्या राहिल्या. किती वेळ ते सांगता येणार नाही. मग एक हात पुढे करून त्यांनी तुषारांत धरला. ओला हात चेहऱ्यावर फिरवला, जसा दुआ मागून झाल्यावर फिरवतात. त्या रडत होत्या की ते पाणी होते हे आम्हाला कळले नाही आणि आम्ही विचारलेही नाही.

वर आल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "तुमच्या अब्बांनाही आणायला हवे होते."

झाडाखाली दस्तरखान पसरला. जेवण झाले. जुहरची वेळ झाली तेव्हा धाकट्याने विचारले की आपण प्रवासात आहोत, मग नमाज कसर करायची का? अम्मी म्हणाल्या, "अरे, घरापासून साठ किलोमीटरही झाले नाहीत. कसरसाठी अठ्ठेचाळीस मैल लागतात. आपण अजून मुसाफिर झालोच नाही. पुरी पढायची." हे ऐकून आम्हाला हसूही आले आणि वाईटही वाटले. चव्वेचाळीस वर्षांत जे बघायचे राहून गेले ते इतके जवळ होते की तिथवर जाऊन माणूस मुसाफिरही ठरत नाही.

कुरआनात माणसाला जमिनीवर हिंडून-फिरून पाहायला अनेक ठिकाणी सांगितले आहे. ते फक्त पुरुषांसाठी आहे असे आमच्या वाचनात कधी आले नाही. तरीही आपल्या घरांत बाई घराबाहेर पडते ती कुणाच्या तरी कामासाठी. खर्चाचे म्हणाल तर आमच्या जीपचे भाडे चौघांत वाटले गेले तेव्हा एका दावतीच्या खर्चाएवढेही झाले नाही. अडत होते ते पैशांवाचून नाही. कुणाच्या मनातच आले नव्हते.

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी. पाणी बघायचे तर पावसाळ्याच्या शेवटी, धरण भरल्याची खात्री करून जा. शक्यतो रविवार टाळा. चप्पल गुळगुळीत नको, तळाला पकड असलेली हवी. पाण्याला फार जोर असेल तर महालात उतरण्याचा हट्ट नको आणि लहान मुलांचा हात बांधावर एक क्षणही सोडू नका. उरलेले अन्न व प्लास्टिक आपल्याच पिशवीत परत आणा. आमच्या मुलांनी दुसऱ्यांनी टाकलेल्या बाटल्याही उचलल्या.

आणि नळदुर्गच कशाला? येडशीजवळ रामलिंगचे जंगल आहे. तिथेही पावसाळ्यात धबधबा असतो. तेर हे दोन हजार वर्षांपूर्वी तगर नावाने रोमपर्यंत माहीत असलेले व्यापारी गाव. तिथे वस्तुसंग्रहालय आहे. परंड्याचा भुईकोट किल्ला आहे. विजापूरची प्रसिद्ध मुलूख मैदान तोफ १६३२ मध्ये तिकडे नेईपर्यंत परंड्यातच होती. सगळे आपल्याच जिल्ह्यात, सकाळी निघून मगरिबपर्यंत घरी परतता येईल असे.

दिवाळीनंतर अम्मींचे ऑपरेशन झाले. अल्लाहच्या मेहरबानीने नीट झाले. दवाखान्यात शेजारच्या खाटेवर एक मराठी आजीबाई होत्या. त्यांचाही गुडघाच. अम्मी त्यांना रोज पाणीमहाल सांगायच्या आणि दर दिवशी पाण्याची उंची थोडी वाढायची. निघताना त्या आजीबाईंनी आपल्या मुलाला सांगितले, "मला पण ते नर-मादी दाखव बाबा."

आता अम्मी अंगणात काठी न घेता चालतात. परवा भाईजानांना विचारत होत्या, परंडा किती किलोमीटर? भाईजान म्हणाले, सत्तरच्या आसपास. अम्मींनी मनात हिशेब केला आणि म्हणाल्या, "म्हणजे तिथेही पुरीच पढावी लागेल. चला, हरकत नाही."