आमची आत्या

सिद्धार्थाच्या जन्मानंतर सातव्या दिवशी माता महामाया निवर्तल्या आणि त्या बालकाला पोटाशी धरले ते महाप्रजापती गौतमींनी, म्हणजे मावशीने. बाबासाहेबांच्या मातोश्री भीमाबाई साताऱ्यास वारल्या, तेव्हा भीमराव अगदी कोवळ्या वयाचे होते. सुभेदार रामजींच्या त्या आईवेगळ्या लेकरांचा सांभाळ केला तो मीराबाईंनी, म्हणजे आत्याने. आपण रोज ज्या दोन प्रतिमांना वंदन करतो, त्या दोघांचेही बालपण असे मावशीच्या आणि आत्याच्या मायेने सावरलेले आहे. म्हणून शाळेच्या स्मरणिकेसाठी लिहिताना आम्हा भावंडांना प्रथम आमची आत्या आठवली.

दारव्हा तालुक्यातील एका लहान खेड्यात आमचे घर. आई गेली, तेव्हा आम्हा तिघांत थोरला नऊ वर्षांचा होता. आत्या तरुणपणीच विधवा होऊन माहेरी परतली होती. तिला पुन्हा मागणी आली. परंतु लेकरांची शाळा होऊ द्या, असे सांगून तिने ती नाकारली. वडिलांच्या कोरडवाहू शेतावर घर चालत नसे. आत्या पावसाळ्यात निंदणाला आणि दिवाळीनंतर कापूस वेचायला जाई. वेचणीची मजुरी वजनावर मिळते. त्यामुळे ओटी भरेपर्यंत ती पाठ सरळ करीत नसे. बोंडांच्या वाळल्या टोकांनी तिची बोटे ओरखडलेली असत. वसतिगृहात आम्ही आणलेली पत्र्याची पेटी, ताट-वाटी आणि गोधडी याच बोटांची कमाई होती.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली. त्यानंतर आजोबांनी घरातील देव्हारा काढला, तेव्हा आत्या लहान मुलगी होती. त्या रिकाम्या कोनाड्यात तिने पुढे बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर ठेवली. पौर्णिमेला पांढरे पातळ नेसून ती विहारात जाई. वर्षावासात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चाले, तेव्हा ती सर्वांत पुढे बसे. तिला अक्षरओळख नव्हती. सुट्टीत आम्ही घरी आलो, की ती आमच्याकडून तोच ग्रंथ पुन्हा वाचून घेई.

प्रव्रज्येसाठी महाप्रजापती शाक्य स्त्रियांसह कपिलवस्तूहून वैशालीपर्यंत पायी गेल्या. त्यांचे पाय सुजले होते. आनंदांनी त्यांची बाजू मांडली, तेव्हा संघाचे दार स्त्रियांना उघडले. हा भाग ऐकून आत्या एकदा म्हणाली, “ज्याले वाढवलं, त्याच्याच दारात उभं राहा लागलं ना तिले!” तिचे हे वाक्य आमच्या मनात कायमचे राहिले. आम्ही नोकरीला लागलो आणि आत्या यवतमाळला आमच्याकडे राहावयास आली, तेव्हा घराची किल्ली आम्ही तिच्या हाती दिली. अखेरपर्यंत ती तिच्याच कमरेला होती.

साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव दाखल झाले. तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. शाळेच्या नोंदवहीत तेव्हा विद्यार्थ्याचे आणि पित्याचे नाव असे. मीराबाईंसारख्या आत्येसाठी रकाना नसे. आमच्या प्रवेश अर्जावरही वडिलांचाच अंगठा होता. परंतु पेटी डोक्यावर घेऊन आम्हाला वसतिगृहाच्या फाटकापर्यंत पोचविणारी आत्या होती. शील म्हणजे काय, हे आम्ही प्रथम तिच्या वागण्यातून शिकलो. परिपाठात त्याचा अर्थ पुढे कळला.

आज या शाळेत शिकणाऱ्या कितीतरी मुलामुलींच्या पाठीशी अशीच कोणी आत्या, मावशी, काकू किंवा आजी उभी असेल. विद्यार्थी मित्रांनो, सुट्टीत घरी जाल, तेव्हा तिच्याजवळ बसा आणि तिला एक प्रकरण वाचून दाखवा. वाचन संपल्यावर तिला काय वाटले, तेही अवश्य विचारा.